दोन उंबरठ्यांच्या मधले दिवस

परक्या देशातील एखाद्या कुटुंबात राहायचे, त्यांच्या लहान मुलांचा सांभाळ करायचा आणि हलक्याफुलक्या घरकामाला हातभार लावायचा, त्या बदल्यात राहण्याजेवण्याची सोय व ठरावीक हातखर्च घ्यायचा आणि उरलेल्या वेळात त्या देशाची भाषा शिकायची, या व्यवस्थेला युरोपात 'ओ-पेअर' म्हणतात. पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्या तरुण-तरुणींना हा शब्द आता परिचयाचा आहे. या व्यवस्थेतील जवळपास प्रत्येक टप्प्याचा कागद तयार होतो. भाषापरीक्षेचे प्रमाणपत्र असते, यजमान कुटुंबाचे निमंत्रण असते, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार असतो, विमा असतो, व्हिसा असतो. आईवडिलांच्या घराचा उंबरठा ओलांडल्यापासून यजमानांच्या घराचा उंबरठा ओलांडेपर्यंतच्या काळाविषयी मात्र कुठल्याच कागदात काही नसते, कारण बहुतेकींच्या बाबतीत असा काळ नसतोच. एका विमानतळावर घरचे निरोप देतात आणि दुसऱ्या विमानतळावर यजमान नावाची पाटी घेऊन उभे असतात. या दोन उंबरठ्यांच्या मध्ये आठ-दहा दिवसांचा एकटीचा प्रवास असावा, तो हौस म्हणून नव्हे तर पुढच्या वर्षाची पूर्वतयारी आणि एका अर्थी त्या वर्षातील सुरक्षिततेची तरतूद म्हणून असावा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन पटण्यासाठी ओ-पेअरचे स्थान कायद्याच्या दृष्टीने किती चमत्कारिक आहे, ते आधी पाहावे लागते. 'ओ पेअर' या फ्रेंच शब्दप्रयोगात बरोबरीच्या नात्याने राहण्याची कल्पना अनुस्यूत आहे. घरात आलेली मुलगी नोकर नाही आणि पाहुणीही नाही, ती तात्पुरती कुटुंबीय आहे, असे मानले जाते. ही कल्पना नियमांत बसवण्याचा पहिला मोठा प्रयत्न युरोप परिषदेने केला. युरोप परिषद म्हणजे युरोपियन युनियनहून वेगळी, १९४९ मध्ये स्थापन झालेली आणि मानवी हक्कांच्या रक्षणासाठी ओळखली जाणारी राष्ट्रांची संघटना. तिने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबूर्ग येथे ओ-पेअरविषयक करार सह्यांसाठी खुला केला आणि १९७१ मध्ये तो अमलात आला. वय १७ ते ३०, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी आणि महिन्यातून किमान एक सुट्टी रविवारी, लेखी करारनामा, अशी त्याची मुख्य कलमे होती. मात्र अगदी थोड्या देशांनी त्याचे अनुसमर्थन केले; जर्मनीने सही करूनही अनुसमर्थन केले नाही. परिणामी प्रत्येक देशाचे नियम वेगळे राहिले.

भारतीय तरुणींच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण जर्मनीचेच आहे. तेथे युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या ओ-पेअरचे वय व्हिसाचा अर्ज करताना १८ पूर्ण आणि २७ च्या आत असावे लागते, आणि जर्मनचे 'ए-१' पातळीचे, म्हणजे युरोपीय भाषामापनातील पहिल्या पायरीचे ज्ञान असावे लागते. मुक्काम किमान सहा महिने व कमाल एक वर्ष असतो, आणि ही संधी आयुष्यात एकदाच मिळते. काम दिवसाला सहा तासांहून आणि आठवड्याला ३० तासांहून अधिक असू नये, आठवड्यातून दीड दिवस आणि चार संध्याकाळी मोकळ्या असाव्यात, वर्षभराच्या मुक्कामात चार आठवडे भरपगारी सुट्टी मिळावी, असे नियम आहेत. हातखर्च महिना २८० युरो, भाषावर्गासाठी यजमानांकडून महिना ७० युरो, आणि आजारपण, अपघात व नुकसानभरपाईचा विमा यजमानांच्या खर्चाने. येण्याजाण्याचे भाडे मात्र ओ-पेअरने स्वतः भरायचे असते. जर्मन कायदा या नात्याला नोकरी मानत नाही, म्हणून त्याला किमान वेतन लागू होत नाही. आठवड्याला पूर्ण ३० तास काम धरले, तर हातखर्चाचा हिशेब तासाला दोन युरोंहून थोडाच अधिक येतो. राहणे-जेवणे त्याशिवाय मिळते हे खरे, पण हातात खेळणारा पैसा तेवढाच.

यातून निर्माण होणारे अवलंबित्व नीट लक्षात घ्यायला हवे. सामान्य नोकरदाराची नोकरी गेली तर त्याचे छप्पर लगेच जात नाही, आणि घरमालकाशी भांडण झाले म्हणून नोकरी जात नाही. ओ-पेअरच्या बाबतीत खोली, जेवण, हातखर्च, विमा आणि देशात राहण्याचा परवाना, ही सगळी सूत्रे एकाच घराच्या स्वयंपाकघरात एकवटलेली असतात. करार दोन्हीपैकी कोणत्याही बाजूला सहसा दोन आठवड्यांच्या सूचनेने संपवता येतो आणि उरलेल्या काळासाठी दुसरे कुटुंब शोधण्याची मुभा असते. परंतु ज्या मुलीने त्या देशातील एकही रात्र त्या घराबाहेर काढलेली नाही, तिला ही मुभा कागदावरच राहते. रात्री नऊ वाजता बॅग घेऊन बाहेर पडावे लागले तर कोणत्या दिशेला जायचे, हे तिला ठाऊक नसते. बहुसंख्य यजमान कुटुंबे प्रेमळ असतात आणि तशी वेळ येत नाही. पण वेळ येत नाही म्हणून वाट माहीत नसावी, असा याचा अर्थ होत नाही.

परक्या घरी कामाला निघालेल्या तरुणीचा एकटीचा प्रवास हा विषय युरोपात नवा नाही. स्वित्झर्लंडमध्ये जर्मनभाषक खेड्यांतील मुली शाळा संपल्यावर वर्षभर फ्रेंचभाषक प्रांतातील कुटुंबात राहून घरकाम व भाषा शिकत, आणि ही प्रथा ओ-पेअर पद्धतीची एक पूर्वज मानली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडीचे जाळे पसरले आणि कारखान्यांच्या शहरांत मोलकरणींची मागणी वाढली, तेव्हा खेड्यांतून हजारो मुली एकट्याच गाडीत बसून अनोळखी स्थानकांवर उतरू लागल्या. स्थानकावरच त्यांना गाठून खोट्या नोकरीच्या आमिषाने कुंटणखान्यात नेणारे दलाल हे त्या काळचे वास्तव होते. त्याला उत्तर म्हणून १८७७ मध्ये जिनिव्हात 'तरुण मुलींच्या मैत्रिणी' या अर्थाच्या नावाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या परंपरेतील जर्मन संस्थेने पुढे ओ-पेअर मध्यस्थीचे कामही केले. १८९४ मध्ये बर्लिनच्या तेव्हाच्या श्लेझिशर स्थानकावर, म्हणजे आजच्या पूर्व स्थानकावर, पहिले 'बानहोफ्समिशन' सुरू झाले. हे म्हणजे फलाटावरील मदतकेंद्र, जेथे उतरलेल्या मुलीला पत्ता, निवारा आणि विश्वासाचे माणूस मिळे. ही केंद्रे जर्मनीतील सुमारे शंभर स्थानकांवर आजही चालतात, कोणाही गरजूला बसायला जागा आणि गरम पेय देतात, आणि ती मुळात कोणासाठी सुरू झाली हे तिथून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांना माहीतही नसते. त्या काळच्या सुधारकांना एक गोष्ट नेमकी कळली होती, ती ही की, घर सोडणे आणि घर गाठणे यांच्या मधली जागा मोकळी टाकून चालत नाही. त्यांनी ती पहाऱ्याने भरली. आज ती त्या मुलीच्या स्वतःच्या अनुभवाने भरता येईल.

भारताचाही या इतिहासाशी थेट संबंध आहे आणि तो वेदनादायक आहे. ब्रिटिश कुटुंबे सुट्टीवर वा कायमची मायदेशी निघाली, की समुद्रप्रवासात मुले सांभाळण्यासाठी मुंबई-कलकत्त्याहून आयांना बरोबर नेत. बोटीवर त्या अपरिहार्य असत. बंदर आले की कित्येकींची गरज संपे, आणि काहींना परतीची सोय न करताच सोडून दिले जाई. अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये 'आयांचे वसतिगृह' होते. आधी ते ऑल्डगेट भागात होते, १९०० पासून हॅकनीतील किंग एडवर्ड्स रोडवर आले, आणि १९२१ मध्ये त्याच रस्त्यावरच्या ४ क्रमांकाच्या इमारतीत हलले. त्याआधीच्या, म्हणजे त्याच रस्त्यावरील २६ क्रमांकाच्या इमारतीवर २०२२ मध्ये स्मृतिफलक लावण्यात आला आहे. तेथील व्यवहाराची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. आयेचे परतीचे तिकीट मालकीण वसतिगृहाच्या व्यवस्थापिकेकडे सोपवी. मग भारतात निघालेल्या आणि आयेची गरज असलेल्या दुसऱ्या कुटुंबाला ते विकले जाई, आणि तिकिटाबरोबर आयाही त्या कुटुंबाच्या सेवेत रुजू होई. यातल्या काही जणींनी अनेकदा समुद्र ओलांडला, कित्येक मालकिणींपेक्षा अधिक प्रवास केला. तरी त्यांच्या प्रवासाला स्वतंत्र प्रवास म्हणता येत नाही, कारण त्याचे तिकीट, तारीख आणि दिशा यांपैकी काहीही त्यांच्या हातात नव्हते. स्त्रीच्या प्रवासाची चर्चा करताना ती किती दूर गेली यापेक्षा तिकीट कोणाच्या हातात होते, हे आधी विचारले पाहिजे.

त्याच काळात तिकीट स्वतःच्या हातात घेऊन निघालेल्या मराठी स्त्रीचे उदाहरण अर्थातच आनंदीबाई जोशी यांचे. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कॅल्कटा' या बोटीने त्या निघाल्या तेव्हा नुकत्याच अठरा वर्षांच्या झाल्या होत्या. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या, पण आप्त कोणी नव्हते. त्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून, आपण अमेरिकेस का जातो आणि एकट्याच का जातो, या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरे दिली होती. त्यांची वैद्यकीय कीर्ती सर्वश्रुत आहे; येथे महत्त्वाचा आहे तो त्यांच्या आयुष्यातील कमी चर्चिला जाणारा टप्पा. जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्यावर त्या लगेच फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात गेल्या नाहीत, तर न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात उन्हाळाभर राहिल्या. या कुटुंबाशी त्यांची ओळख केवळ पत्रांतून झालेली होती, आणि कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. आज ओ-पेअर व यजमान यांची ओळख व्हिडिओ कॉलवर होते, तेव्हा ती टपालाने झाली. बाकी प्रत्यक्ष न पाहिलेल्या कुटुंबाच्या दारात उभे राहण्याचा प्रसंग तोच. फरक असा, की आनंदीबाई त्या दारात पोहोचल्या त्या जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास करून. बोटीवरचे खाणे, आजारपण, सहप्रवाशांचा धर्मांतराचा आग्रह, हे सारे निभावून नेल्यावर, आपण काय खाणार, काय नेसणार आणि कशाला नकार देणार हे ठरवलेली व्यक्ती म्हणून त्या कार्पेंटरांच्या घरात शिरल्या. जर्मनीला निघालेल्या आजच्या ओ-पेअरसाठी विमानाने हा अवधी नऊ-दहा तासांवर आणला आहे. वेळ वाचला हे चांगलेच झाले, पण त्या अवधीत माणसाच्या आत जे घडत असे, त्यासाठी आता वेगळे दिवस काढावे लागतात.

ते दिवस कसे असावेत, याचे एक चित्र मध्य ऱ्हाईनच्या काठाने पाहता येईल. मुंबईहून फ्रँकफर्टला उतरणाऱ्या मुलीला विमानतळाच्या पहिल्या टर्मिनलखालीच प्रादेशिक गाड्यांचे स्थानक मिळते. तेथून उपनगरी गाडीने माइन्झ आणि माइन्झहून नदीच्या डाव्या तीराने कोलोनकडे जाणारी सावकाश गाडी, जी बिंगेन, बाखाराख, ओबरवेझेल अशा लहान गावांना थांबत कोब्लेन्झला जाते. बिंगेन ते कोब्लेन्झ हा दरीचा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. द्राक्षांचे उभ्या चढणीचे मळे, दर वळणावर एखादा किल्ला, दोन्ही काठांनी धावणारे लोहमार्ग, आणि माइन्झ व कोब्लेन्झ यांच्या दरम्यान पूल नसल्याने माणसे व मोटारी पैलतीरी नेणाऱ्या तरी, असा हा प्रदेश आहे. बाखाराखच्या डोक्यावर श्टालेक नावाचा जुना किल्ला आहे आणि त्यात युवा वसतिगृह चालते. युवा वसतिगृह ही कल्पनाच जर्मनीची. रिखार्ड शिरमान या शाळामास्तरांना १९०९ मध्ये विद्यार्थ्यांसह पायी सहलीवर असताना वादळात एका शाळेत आसरा घ्यावा लागला, तेव्हा ती सुचली, आणि १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह सुरू झाले. अशा वसतिगृहात एका खोलीत चार-सहा खाटा असतात, धुतलेली चादर व अभ्रा हातात मिळतो, तो स्वतः घालायचा असतो आणि जाताना काढून ठरलेल्या जागी ठेवायचा असतो, न्याहारीनंतर आपली बशी आपण उचलायची असते.

वरवर पाहता हे किरकोळ वाटेल. परंतु ओ-पेअर म्हणून ज्या घरात जायचे आहे, त्या घराच्या बहुतेक अलिखित अपेक्षा याच किरकोळ गोष्टींत दडलेल्या असतात. पाण्याची बाटली कचऱ्यात टाकायची नसते, दुकानातील यंत्रात घालून तिच्यावर भरलेले २५ सेंट परत घ्यायचे असतात. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरावे लागते, आणि अडचण झालीच तर मोठ्या रेल्वेस्थानकातील दुकाने उघडी सापडतात. फलाटावरील पिवळा तक्ता निघणाऱ्या गाड्यांचा आणि पांढरा येणाऱ्यांचा असतो. लांब पल्ल्याच्या गाडीचा डबा फलाटावर टांगलेल्या अक्षरांच्या पाटीखाली थांबतो, त्यामुळे आरक्षण असेल तर गाडी येण्याआधीच योग्य अक्षरापाशी उभे राहायचे असते. फाटक, तिकीट तपासनीस आणि गर्दी यांची सवय असलेल्या मुंबईकर मुलीला आधी चकित करते ती फाटकाविना मोकळी स्थानके, आणि मग कळते की तपासनीस गाडीत येतो व तिकीट नसेल तर दंड जागच्या जागी लागतो. हे सारे यजमानीणबाई शिकवू शकतात, आणि शिकवतीलही. पण जी मुलगी आधीच हे शिकून आली आहे, ती पहिल्या आठवड्यात प्रत्येक गोष्टीसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. तीन वर्षांच्या मुलाला ट्रामने बालवाडीत नेण्याची जबाबदारी जिच्यावर टाकायची, तिने आधी स्वतः चुकीच्या ट्राममध्ये बसून परत येऊन पाहिलेले असणे, हे त्या मुलाच्याही हिताचे आहे.

भाषेचेही तसेच आहे. 'ए-१' परीक्षेतील संवाद सुटे आणि संथ असतात. तिकीटखिडकीवरील माणूस, वसतिगृहातील सहप्रवासी, बेकरीतील घाईतली बाई यांच्याशी बोलताना कान तयार होतो आणि चुकीची भीड चेपते. यजमानांच्या घरी पहिल्या दिवसापासून प्रत्येक वाक्याला नात्याचे वजन असते, काही चुकीचे बोललो तर त्यांना काय वाटेल ही धास्ती असते. अनोळखी माणसाशी बोलताना ती नसते, कारण तो पुन्हा भेटणार नसतो.

आता व्यवहाराकडे वळले पाहिजे, कारण ही कल्पना तारखांच्या जुळणीवरच उभी किंवा आडवी होते. ओ-पेअरसाठी मिळतो तो 'डी' प्रकारचा, म्हणजे दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा. तो ज्या दिवसापासून वैध असेल त्या दिवसापासून जर्मनीत प्रवेश करता येतो. शिवाय तो असताना शेंगेन क्षेत्रातील इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवसांपर्यंत फिरता येते. शेंगेन क्षेत्र म्हणजे आपसांतील सीमेवर नेहमीची पारपत्र तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट. म्हणून व्हिसाचा आरंभ आणि यजमानांकडे रुजू होण्याचा दिवस यांत आठ-दहा दिवसांचे अंतर असेल, तर तो प्रवास पूर्णपणे कायदेशीर असतो. मात्र हे अंतर यजमानांशी बोलून, अर्ज करण्यापूर्वीच ठरवावे लागते. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते विम्याकडे. यजमानांनी काढलेला विमा बहुधा त्यांच्या घरी पोहोचण्याच्या दिवसापासून सुरू होतो, त्यामुळे आधीच्या दिवसांसाठी स्वतंत्र प्रवासविमा अत्यावश्यक आहे, आणि त्यात काटकसर करणे धोक्याचे आहे. पत्त्याची नोंदणी राहत्या घरी गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात करायची असते, ती मुदत प्रवासाने बाधित होत नाही.

रेल्वेच्या पासांतही एक बारीक भेद आहे. युरोपभर चालणारा 'युरेल' पास युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. १९७२ पासून चालत आलेला 'इंटररेल' पास युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यावर स्वतःच्या राहत्या देशात फक्त बाहेर पडण्याचा व परतण्याचा प्रवास करता येतो. म्हणजे भारतातून निघालेली मुलगी सुरुवातीला पहिल्या वर्गात मोडते आणि जर्मनीची रहिवासी झाल्यावर दुसऱ्या वर्गात. दोन्ही पासांत २७ वर्षांपर्यंतच्यांना सवलत मिळते. केवळ जर्मनीतच फिरायचे तर देशभरातील प्रादेशिक गाड्या, बस व ट्राम यांना चालणारे मासिक 'डॉइचलँड तिकीट' आहे, जे १ मे २०२३ रोजी ४९ युरोंना सुरू झाले, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ पासून ६३ युरोंचे झाले. ते वर्गणीच्या पद्धतीने मिळते आणि वेळेत रद्द केले नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. अतिजलद गाड्यांना ते चालत नाही. ते एका परीने चांगलेच, कारण सावकाश गाड्यांतच देश दिसतो.

पैशाचा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विमानभाडे, परीक्षा, व्हिसाशुल्क यांसाठीच ज्या घराने कर्ज काढले आहे, त्या घरातील मुलीला दहा दिवस ऱ्हाईनकाठी फिरून यायला सांगणे हा क्रूरपणा होईल. पण हा प्रवास युरोपातच झाला पाहिजे असे नाही. लातूर वा सांगलीहून निघणाऱ्या मुलीने निघण्याआधीच्या महिन्यात एकटीने शयनयान डब्यातून दोन रात्रींचा प्रवास करून एखाद्या अनोळखी, जिथे मराठी-हिंदी चालत नाही अशा शहरात तीन-चार दिवस काढले, स्वतः निवास शोधला, आजारी पडल्यास डॉक्टर शोधला, हिशेब ठेवला, तरी त्यातून मिळणारा आत्मविश्वास बऱ्याच अंशी तोच असतो. जर्मनीची स्थानके त्यातून कळणार नाहीत, पण अनोळखी जागी आपण तग धरतो हे कळेल, आणि तेच अधिक मोलाचे आहे.

खरा अडसर पैशाइतकाच घरच्यांच्या मनात असतो. पुण्यात जर्मन भाषेची परंपरा मोठी आहे. माक्सम्युलर भवन, रानडे इन्स्टिट्यूट आणि कित्येक शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या ही भाषा शिकवली गेली आहे, मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, त्यामुळे मुलगी जर्मनीला जाते याचे मध्यमवर्गीय घरांना आता कौतुक वाटते. तीच मुलगी 'आधी आठवडाभर एकटी फिरेन' म्हणाली, की 'सोबत कोण आहे?' हा प्रश्न येतो. वर्षभर पूर्णपणे अनोळखी कुटुंबाच्या घरात राहायला संमती देणारे आईवडील आठ दिवसांच्या सार्वजनिक प्रवासाला घाबरतात, कारण 'कुटुंब' या शब्दाला आपण संरक्षणाचा समानार्थी शब्द मानतो आणि 'एकटी' या शब्दाला संकटाचा. त्यांची काळजी खोटी नाही. एकट्या स्त्रीला त्रास होतो, तो युरोपातही होतो, आणि रात्री उशिरा निर्मनुष्य स्थानकावर उतरणे टाळणे, पहिल्या रात्रीचा निवास आधीच पक्का करणे, घरी रोज ठरलेल्या वेळी कळवणे, या गोष्टी पाळल्याच पाहिजेत. पण घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या शोषणाचा जगभरचा अनुभव असा, की ते रस्त्यावर कमी आणि बंद दारामागे अधिक होते, कारण रस्त्यावर साक्षीदार असतात.

भारत सरकारच्या नियमांतही हा अनुभव उमटलेला आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली, दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागते, आणि घरकामासाठी जाणाऱ्या अशा स्त्रीचे वय किमान ३० असावे लागते. शिकलेली, जर्मनीला निघालेली तेवीस वर्षांची ओ-पेअर या नियमाच्या कक्षेबाहेर आहे. तिचे शिक्षणच तिचे संरक्षण करील, असे गृहीत धरले आहे. हे गृहीतक अर्धे खरे आहे: शिक्षणामुळे तिला करार वाचता येतो, पण करार मोडला गेला तर दार उघडून बाहेर पडण्याचे धैर्य शिक्षणाने आपोआप येत नाही.

इतर देशांनी प्रवासाला या व्यवस्थेत कोणते स्थान दिले, ते पाहिले की जर्मनीतील मोकळीक उठून दिसते. अमेरिकेत १९८६ पासून ओ-पेअर कार्यक्रम 'जे-१' या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसाखाली चालतो. तेथे आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम असते, आणि आठवड्याचा किमान भत्ता १९५.७५ डॉलर असा आहे. तासाला ७.२५ डॉलर या संघराज्याच्या किमान वेतनाने ४५ तासांचे पैसे काढून, त्यातून राहण्याजेवण्यापोटी ४० टक्के वजा केले की हा आकडा मिळतो. हा भत्ता म्हणजे कमाल मर्यादा असल्याचे भासवले गेले, असा आरोप करून २०१४ मध्ये कोलोरॅडोत ओ-पेअरनी मध्यस्थ संस्थांविरुद्ध दावा लावला, आणि २०१९ मध्ये ६ कोटी ५५ लाख डॉलरची तडजोड झाली. या कार्यक्रमात प्रवासासाठी ३० दिवस मिळतात, पण ते काम संपल्यानंतर. सुरुवातीला एजन्सीचे प्रशिक्षण आणि लगेच कुटुंब, अशी रचना आहे. श्रम आधी आणि देश नंतर, हा क्रम बक्षिसाचा आहे, आणि बक्षिसाची वाट पाहणारी व्यक्ती अन्याय सहन करण्याकडे झुकते. ब्रिटनने २००८ मध्ये ओ-पेअरचा स्वतंत्र व्हिसाच बंद केला आणि १ एप्रिल २०२४ पासून घरात राहून काम करणाऱ्यांना किमान वेतनातून वगळण्याची तरतूदही काढली. नॉर्वेने मार्च २०२४ मध्ये युरोपीय क्षेत्राबाहेरच्यांसाठी ही योजना संपवली, कारण सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली स्वस्त घरकाम मिळवले जात असल्याची टीका वर्षानुवर्षे होत होती. ही टीका गंभीर आहे आणि जर्मनीलाही ती पूर्णतः चुकलेली नाही.

एकटीच्या प्रवासाने हे दोष दूर होणार नाहीत. तासाला दोन युरोंचा हिशेब त्याने बदलत नाही, आणि सहा तासांचे काम नऊ तासांवर गेले तर तक्रार ऐकणारी यंत्रणा त्याने उभी राहत नाही. तो एवढेच करतो की, घराबाहेरचा देश त्या मुलीच्या ओळखीचा करून देतो. पोलिसांचा ११०, रुग्णवाहिकेचा ११२ आणि स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध अनेक भाषांत चोवीस तास चालणारा ११६ ०१६ हे क्रमांक फोनमध्ये साठवणे सोपे आहे. ते वापरून कुठे जायचे हे ठाऊक असणे वेगळे. जिने एकदा रात्री वसतिगृहाचे दार शोधले आहे, तिला दुसऱ्यांदा ते शोधता येते.

यजमान कुटुंबांना यात आपला तोटा दिसण्याचे कारण नाही. लांबच्या विमानप्रवासाने थकलेली, घरच्या आठवणीने व्याकूळ झालेली आणि भाषेला बिचकणारी मुलगी सोमवारी उतरून मंगळवारी सकाळी मुलांना शाळेसाठी तयार करते, तेव्हा पहिला महिना दोन्ही बाजूंना जड जातो, आणि करार मोडण्याची बीजे बहुधा तेव्हाच पडतात. म्हणून करारात जर्मनीत प्रवेशाची तारीख आणि यजमानांकडे रुजू होण्याची तारीख अशा दोन स्वतंत्र तारखा लिहाव्यात. मध्यस्थ संस्थांनी व्हिसाच्या अर्जाआधीच हा प्रश्न दोन्ही बाजूंना विचारावा, विमा पहिल्या तारखेपासून आणि हातखर्च दुसऱ्या तारखेपासून धरावा, आणि मधल्या दिवसांचा अतिरिक्त विमाहप्ता कोणी भरायचा तेही तेथेच नोंदवावे. यजमानांनी तो उचलला, तर तो त्यांच्या वर्षभराच्या खर्चातील अगदी लहान भाग असेल.